फोटोची मागची बाजू

कुंदा रामटेके यांच्यावर अन्याय झाला. तारीख १ नोव्हेंबर २००३, वार शनिवार, वेळ दुपारी साडेचार. ठिकाण न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलचं ऑडिटोरियम. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेचं तिथे प्रकाशन झालं. मुखपृष्ठावर फिलाडेल्फियाच्या बेसबॉल मैदानातला एक फोटो होता. तो कुंदा रामटेके यांनी काढलेला होता. खाली छापलं होतं, ‘छायाचित्र : श्री. अरविंद रामटेके.’

अरविंद रामटेके हे कुंदा रामटेके यांचे पती. त्यांनी तोवर बेसबॉलची एकही मॅच पूर्ण पाहिलेली नव्हती.

कुंदा माझी मावशी. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, नागपुरात इंदोऱ्याला छोटा छापखाना चालवायचे. एक ट्रेडल मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे खाने, आणि शाईचा वास, जो त्यांच्या बनियनमधून शेवटपर्यंत गेला नाही. पत्रक कसं लिहायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. आधी अन्याय कोणावर, कधी, कुठे. मग हकिगत. शेवटी मागणी. ‘मागणी नसलेलं पत्रक म्हणजे भजी बांधायचा कागद,’ असं ते म्हणायचे. अन्याय सांगून झाला. आता हकिगत.

सप्टेंबर २००८. शनिवारची दुपार. मी क्वीन्सच्या जुन्या मैदानात सगळ्यात वरच्या मजल्यावर बसले आहे. हे मैदान पुढच्या वर्षी नसेल. सेंटर फील्डच्या मागे नव्या मैदानाच्या विटा दिसतायत, जवळजवळ पूर्ण झालेल्या, आणि जुनं मैदान मात्र अजून काही ठाऊकच नसल्यासारखं भरून वाहतंय. डोक्यावरून विमान जातं आणि तेवढा वेळ पन्नास हजार माणसं मुकी होतात. घरच्या टीमने होम रन, म्हणजे इथला षटकार, मारला की कुंपणापलीकडे ठेवलेल्या एका प्रचंड काळ्या हॅटमधून एक भलंमोठं लाल सफरचंद वर येतं. लोक उड्या मारतात, आणि आमचा मजला खरोखर हलतो. माझ्या शेजारी अरविंदकाका टोपी तोंडावर घेऊन झोपलेत. मावशी दोन रांगा खाली, कठड्याला पोट टेकवून, डोळा कॅमेऱ्याला लावून उभी आहे.

खालून भाजक्या शेंगांचा वास येतो. आणि मग माझं कुठलं सप्टेंबर दोन हजार आठ! मी सरळ २००१ मध्ये जाऊन पडते.

मी तेव्हा इथे शिकायला आले होते. शनिवार-रविवार मावशीकडे आयसेलिनला. ओक ट्री रोडवर गाडी लावायला जागा शोधायची, कोथिंबिरीच्या जुड्या घ्यायच्या, साड्यांच्या दुकानातल्या अगरबत्तीचा वास केसांत घेऊन घरी यायचं. मावशी नागपुरात दहा वर्षं शाळेत शिकवत होती. इथे ती डिपेंडंट व्हिसावर. शब्दच बघा. धडधाकट, शिकलेल्या बाईच्या पासपोर्टवर ‘अवलंबून’ असा शिक्का. नोकरीला बंदी. घराचं लीज काकांच्या नावावर, फोन काकांच्या नावावर, मंडळाची मेंबरशिपसुद्धा ‘श्री. अरविंद रामटेके आणि फॅमिली’. तिच्या स्वतःच्या नावाची कार्डं दोनच. गाडीचं लायसन्स आणि लायब्ररीचं कार्ड. लायब्ररीचं ती पाकिटात पुढे ठेवायची, जिथे लोक पोराबाळांचे फोटो ठेवतात.

त्या मे महिन्यात काकांच्या ऑफिसने फिलाडेल्फियाच्या मॅचची तिकिटं वाटली. काका म्हणाले, “माझी डेडलाइन आहे. तुम्ही दोघी ड्राइव्ह करून जाऊन या. नाहीतर कॅन्सल करतो.”

“कॅन्सल काऊन करता?” मावशी म्हणाली. “आम्ही काय तुमच्या डेडलाइनला बसलोय?”

ते मैदान म्हणजे काँक्रीटचा एक अवाढव्य वाडगा होता. आत शिरल्यावर अंधारे उतरणीचे रस्ते, ओल्या सिमेंटचा नि सांडलेल्या बिअरचा वास, पावलांचा घुमारा. चालत राहायचं, चालत राहायचं, आणि एकदम एका दारातून हिरवा रंग अंगावर यायचा. मावशी त्या दारात थांबली. मागचे लोक तिला वळसा घालून जायला लागले.

“बाप्पा!” ती म्हणाली. “हे तर कुणी इस्त्री करून ठेवलंय.”

ती हिरवळ खोटी होती, प्लास्टिकची. ते आम्हाला नंतर कळलं. आनंद खरा होता. नागपूरहून आणलेला फिल्मचा कॅमेरा तिच्या पर्समध्ये होता, आणि त्या दुपारी तिने छत्तीसचा अख्खा रोल संपवला. परत आल्यावर काकांनी विचारलं, “कोण जिंकलं?”

“ज्यांना जिंकायचं होतं ते,” मावशी म्हणाली.

तिथून सुरुवात झाली. का, ते मला विचारू नका. तिलाही विचारू नका. एखाद्याला किल्ले पाहायचे असतात, तिला मैदानं पाहायची होती. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये तीस टीम आणि बहुतेक सगळ्या या देशात. तिने लायब्ररीतून नकाशा आणला आणि फ्रिजवर लावला.

ते उन्हाळे! शुक्रवारी स्वयंपाकघरात दशम्यांचा खरपूस वास, लसणाची चटणी, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या गुंडाळ्या. प्रिंटरमधून कुरकुरत बाहेर येणारी रस्त्याची चौदा पानं, ज्यांतलं नववं पान नेमकं वाटेत हरवायचं. टोलनाक्यावर खिडकीतून प्लास्टिकच्या टोपलीत नाणी फेकायची, त्यांचा खळखळाट व्हायचा, दिवा हिरवा व्हायचा. आता ती टोपली काचेला चिकटवायच्या, टोल आपोआप भरणाऱ्या डबीने खाल्ली. पिट्सबर्गला नदी, नदीवर पिवळे पूल, आणि मैदान इतकं नदीकाठाला की वाटावं, पाय सोडून बसलंय. बाल्टिमोरला विटांचं लांबच लांब गोदाम आणि त्याच्या पायथ्याशी भाजणाऱ्या मांसाचा निळा धूर. बॉस्टनची ती उंच हिरवी भिंत, जिच्यावर चेंडू आपटला की भांड्याच्या दुकानात काहीतरी पडल्यासारखा आवाज होतो. शिकागोला विटांच्या भिंतीवर वेल चढवलेली. वेलीसाठी चेंडू हरवू देतात, पण वेल तोडत नाहीत. मावशी म्हणाली, “याले म्हणतात संस्कार.”

तिची एक पद्धत होती आणि ती कधी मोडली नाही. मॅचच्या आधी दोन तास दारं उघडतात, तेव्हा आम्ही आत. पहिल्यांदा सगळ्यात वरची रांग. तिथून रिकाम्या मैदानाचा एकच फोटो. मग उतरत उतरत खाली, माणसांपर्यंत. शेंगा विकणारे, मातीवर दाताळं फिरवणारे, चुन्याची रेघ ओढणारे, खुर्ची दाखवणारे म्हातारे. फोटो काढला की ती विचारायची, “युवर गुड नेम, प्लीज?”

अमेरिकेत असं कोणी विचारत नाही. मी तोंड दुसरीकडे करायचे. बाल्टिमोरचा शेंगावाला म्हणाला, “बाई, माझी सगळीच नावं चांगली आहेत. फक्त माझ्या बायकोला विचारू नका.” पण सांगायचे सगळे. स्पेलिंगसकट, थांबून, दोनदा. पन्नास हजार माणसं रोज त्यांच्या समोरून जायची आणि नाव विचारणारी ही एकटी.

आठवड्याने फोटोच्या दुकानाच्या काउंटरवरून फोटोंचं पाकीट यायचं. ताज्या प्रिंटचा तो आंबट, ओलसर वास. मावशी जेवणाचं टेबल पुसून कोरडं करायची, प्रिंट पालथे मांडायची आणि मऊ पेन्सिलने प्रत्येकाच्या मागे लिहायची. गाव, महिना, साल. सेक्शन अमुक, रांग तमुक. आणि माणसाचं पूर्ण नाव. बॉलपेन चालायचं नाही, त्याचा वळ पुढे उमटतो. “नाव नसलं ना,” ती म्हणायची, “तर तो नुसता देखावा झाला. माणूस कुठं झाला?”

२००१ चा सप्टेंबर आला आणि गेटवर बॅगा उघडायला लागल्या. एका गार्डने दशम्यांचा डबा उघडला, चटणीचा वास घेतला, दचकून झाकण लावलं. पुढच्या वर्षी त्याच गेटवर त्यानेच विचारलं, “ती लाल पावडर आणलीय का?” मावशीने कागदाची पुडी बांधून दिली. अर्थात त्याचंही नाव तिच्याकडे आहे.

आणि लिऑन. लिऑन कार्व्हर. फिलाडेल्फियाच्या मैदानात, आमच्या त्या पहिल्याच मॅचला, आम्हाला खुर्च्या दाखवणारा सत्तरीतला काळा माणूस. उजव्या हातात जाड लोकरीचा मोजा. कोणी बसायला आलं की तो आधी त्या मोज्याने खुर्ची पुसायचा, पाठ, बैठक, दोन्ही हात, आणि मग असा हात करायचा की जणू सिंहासन आहे. २००३ हे त्या मैदानाचं शेवटचं वर्ष. त्या सप्टेंबरात आम्ही तिथे शेवटचे गेलो. काकांनाही ओढून नेलं होतं. ते सहाव्या डावापर्यंत टिकले आणि झोपले. एक ओळ संपूर्ण रिकामी होती. कोणी येणारही नव्हतं. आणि लिऑन एकेक खुर्ची पुसत चालला होता. ऊन तिरपं. मोज्यातून उडालेली धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगतेय. मावशीने एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली घेतला.

तोच हा फोटो.

मंडळाने सभासदांचे छंद मागवले होते. मावशीने प्रिंट पाठवला. संपादकांनी पुढची बाजू स्कॅन केली, नावासाठी सभासदांची यादी उघडली, यादीत होतं ‘श्री. अरविंद रामटेके आणि फॅमिली’. झालं. कोणी कट केला नाही, कोणी दात ओठ खाल्ले नाहीत. मला त्याचाच जास्त राग येतो. बाईचं नाव पुसायला दुष्ट माणूस लागतच नाही, सवय पुरते.

ऑडिटोरियममध्ये फरशीच्या पॉलिशचा, पुलावाचा आणि अत्तराचा वास. सेक्रेटरीकाका माइकवर म्हणाले, “आपले रामटेकेसाहेब कोडिंगमध्ये पटाईत आहेत हे ठाऊक होतं, पण कलाकार आहेत हे आज कळलं! या, या!” टाळ्या. काका उठले. मी मावशीकडे पाहिलं. ती काकांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर विश्वास होता. आता हे जातील, माइक घेतील आणि सांगतील, असा साधा, बायकोचा विश्वास.

काकांनी फुलांचा गुच्छ घेतला. माइक घेतला. म्हणाले, “थँक यू. वेळ मिळेल तसा काढतो.”

घरी जाताना गाडीत मी मागे बसले होते. गुच्छ माझ्या मांडीवर.

“यार, स्टेजवर काय भांडायचं होतं का मी?” काका म्हणाले. “डेटाबेसमधून नाव उचललं गेलं. सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे.”

“तुमचं तोंडपण डेटाबेसमध्ये होतं का?” मी म्हणाले.

“तू मध्ये बोलू नको.”

मावशी खिडकीबाहेर पाहत होती. एवढंच म्हणाली, “मागं लिहिलं होतं मी.”

त्यानंतर कॅमेरा कपाटात गेला, वरच्या फळीवर, प्रवासाच्या बॅगांच्याही मागे. फ्रिजवरचा नकाशा गेला, तिथे पिझ्झाचं कूपन आलं. डिसेंबरात मी विचारलं, “मावशी, पुढच्या उन्हाळ्यात डेन्व्हर ना?” ती कणीक मळत होती. “काकांले विचार,” ती म्हणाली. “फोटो ते काढतात.” असं ती बोलली, न चिडता. मावशी चिडली नाही की समजायचं, तिने दार आतून लावून घेतलं. मला फोटोच्या खालच्या ओळीची काळजी नव्हती. मला भीती ही होती की ही बाई परत कधी त्या दारात थांबून ‘बाप्पा’ म्हणणार नाही.

मी कॉलेजात तेव्हा झाडूवाल्यांच्या पगारासाठी पत्रकं वाटत होते. म्हटलं, घरचं पत्रक कोणी लिहायचं? एका रात्रीत नाही, तीन आठवडे घासून लिहिलं. आजोबांच्या शिस्तीत. कोणावर, कधी, कुठे. मध्ये त्या फोटोची झेरॉक्स. शेवटी मागणी, ‘छायाचित्रकार कुंदा रामटेके यांचं नाव छापा.’ दोनशे प्रती, पिवळा कागद, चार घड्या. जानेवारीत संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी तासभर आधी गेले आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवली. खुर्च्यांवर पत्रकं ठेवतानाच मला लिऑनचा मोजा आठवला. आठवूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, ही माझी लायकी.

सेक्रेटरीकाकांनी एक उचललं, वाचलं, लाल झाले.

“अगं, संक्रांत आहे! आज तरी गोड बोल.”

“गोडच बोलतेय काका. नाव छापा.”

“सहाशे प्रती वाटून झाल्यात. लोक दुसऱ्या राज्यांत घेऊन गेले, कॅरीला, सांता क्लाराला. आता काय परत बोलावू?”

“चूक जिथवर गेली तिथवर जा.”

“मागे फोटोग्राफरचं नाव नव्हतंच मुळी! विचार तुझ्या मावशीला.”

मावशी दारातच होती. हातात तिळगुळाचा डबा. तिने पहिल्याच खुर्चीवरचं पत्रक उघडलं. मी वाट पाहत होते. मला वाटलं, डोळे भरतील, मिठी मारेल. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि झेरॉक्सवर बोट ठेवलं.

“आणि हा?”

“हा म्हणजे?”

“याचं नाव कुठाय?”

मी पत्रक पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दोन महिने मी काय सांगून राहिले? मागं लिहिलं होतं मी. माझं नाही. माझं मी कधी लिहिलंच नाही, मले काय माहीत लिहावं लागते. याचं लिहिलं होतं. लिऑन कार्व्हर, सेक्शन, रांग, सगळं. त्यांनी पुढचं छापलं, मागचं टाकून दिलं. आणि तू? तू एवढं मोठं भांडण लिहिलं, अन् तूपण टाकून दिलं?”

दोनशे पिवळे कागद त्या हॉलभर पसरले होते आणि प्रत्येकावर तोच अन्याय, माझ्या हातचा.

मावशीने तिळगुळाचा डबा माझ्या हातात दिला, पर्स उघडली, मऊ पेन्सिल काढली आणि खुर्चीवर वाकून पहिल्या पत्रकावर फोटोखाली लिहिलं, लिऑन कार्व्हर. मग दुसरी खुर्ची. मग तिसरी. लोक यायला लागले होते, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, बाहेरच्या बर्फाने ओले झालेले बूट. दोनशे खुर्च्या आणि ती एकटी. मी पर्समधून पेन काढलं.

“पेन नको,” ती वर न पाहता म्हणाली. “वळ उमटते.”

एक काकू पुढे आल्या. “पेन्सिल नाही गं माझ्याकडे. आयब्रो पेन्सिल चालेल?”

“धावेल,” मावशी म्हणाली. आणि ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग चार जणी झाल्या, मग नऊ. कुणाचा मुलगा ‘मॉम, व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणत होता, त्याच्याही हातात क्रेयॉन दिला गेला. त्या हॉलमध्ये, संक्रांतीच्या दिवशी, मराठी बायका रांगेने वाकून फिलाडेल्फियाच्या एका माणसाचं नाव लिहीत होत्या. सेक्रेटरीकाका माइक धरून नुसते उभे.

तेव्हा अरविंदकाका उठले. स्टेजपर्यंत जाताना दोनदा थांबले. त्यांनी सेक्रेटरीकाकांच्या हातातला माइक घेतला. कोड लिहिणारी माणसं चूक मान्य करताना स्क्रीनकडे बघतात, इथे स्क्रीन नव्हता.

“एक करेक्शन आहे,” ते म्हणाले. “दिवाळीला मी इथे गुच्छ घेतला आणि खोटं बोललो. हा फोटो कुंदाने काढलाय. तो काढला तेव्हा मी त्याच मैदानात होतो. झोपलेलो होतो. घोरत होतो. साक्षीदार दोन आहेत, दोघी इथे आहेत. मला आजसुद्धा त्या खेळात कोण कुठे पळतं ते कळत नाही.” मग घसा खाकरून, “गुच्छ वाळला. त्याची पण माफी.”

आधी हशा आला, मग टाळ्या आल्या, आणि टाळ्या थांबेनात. मी आयुष्यात बऱ्याच मोर्चांत घोषणा दिल्यात. त्या टाळ्यांइतका मोठा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

पुढच्या रविवारी सेक्रेटरीकाकांच्या बेसमेंटमध्ये कागदाच्या पट्ट्या कापायचं काम चाललं होतं. चिवड्याचं पातेलं, चहाची वाफ, गोंदाचा गोडसर वास, आणि टेबलावर पट्ट्यांचा ढीग. ‘छायाचित्रात : लिऑन कार्व्हर. छायाचित्र : कुंदा रामटेके.’ क्रम मावशीने सांगितला होता आणि त्यावर चर्चा झाली नाही. सेक्रेटरीकाका स्वतः गोंद लावत होते आणि बडबडत होते, “पुढच्या जन्मी मंडळ नको रे बाबा.” पण एकही पट्टी वाकडी लावली नाही त्या माणसाने. जुन्या सभासदांना पट्ट्या पोस्टाने गेल्या. कॅरीहून एकांनी चिकटवलेल्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला. सांता क्लाराच्या एका मावशींनी चिठ्ठी पाठवली, ‘पट्टी लावली. आमच्याकडे दोन मैदानं आहेत, तासाभराच्या अंतरावर. गाडी आणि मी, दोन्ही तयार. कधी येताय?’

ती चिठ्ठी मावशीने फ्रिजवर लावली. पिझ्झाचं कूपन केराच्या टोपलीत गेलं.

२००४ च्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, फिलाडेल्फियाचं ते काँक्रीटचं मैदान स्फोट करून पाडलं. आम्ही टीव्हीवर पाहिलं. मिनिटभर खांबांची रांग गुडघे टेकत गेली आणि मग फक्त धूळ. मावशी म्हणाली, “त्याच्या खुर्च्या पुसलेल्या होत्या.”

एप्रिलात शेजारच्या नव्या मैदानात गेलो. इथलं गवत खरं होतं, नुकतंच कापलेलं, नागपुरातल्या जुलैसारखा वास. आम्ही सेक्शनमागून सेक्शन शोधत गेलो, आणि वरच्या मजल्यावर, नव्याकोऱ्या खुर्चीवर धुळीचा कणही नसताना, एक लोकरी मोजा फिरताना दिसला.

मावशीने स्मरणिका त्याच्या हातात दिली. त्याने स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खालची पट्टी.

“मी हे उलटं तर धरलं नाही ना?”

“सरळच आहे,” मावशी म्हणाली. “हे तुमचं नाव.”

त्याने मोजा काढला. उघड्या बोटाने तो देवनागरीतल्या लि वरून, ऑ वरून, न वरून हळूहळू गेला, वरच्या रेघेला धरून, कठडा धरून जिना चढावा तसा. “तर हा मी,” तो म्हणाला. मग बोट खालच्या ओळीवर आलं. “आणि हे कोण?”

“ते मी.”

लिऑन सरळ उभा राहिला. तीन वर्षं तिच्या तोंडून ऐकलेला प्रश्न त्याने तिच्याच सुरात, तिच्याच अदबीने परत केला. “युवर गुड नेम, प्लीज?”

“कुंदा रामटेके,” मावशी म्हणाली. स्पेलिंगसकट, थांबून, दोनदा.

मग काय विचारता! डेन्व्हरला वरच्या मजल्यावर जांभळ्या खुर्च्यांची एकच रांग आहे, समुद्रापासून बरोबर एक मैल उंचीवर. तिथे बसून तिने दशमी खाल्ली. सॅन फ्रान्सिस्कोला पाण्यात होड्या घेऊन चेंडूची वाट पाहणारे लोक टिपले. मिनियापोलिसला हवेने फुगवलेल्या छपराखालून बाहेर पडताना दारातल्या वाऱ्याने आम्हाला अक्षरशः ढकलून दिलं आणि एव्हाना आमच्यासोबत फिरायला लागलेल्या सांता क्लाराच्या मावशींची ओढणी पार्किंगमध्ये जाऊन पडली. काका गाडी चालवायचे आणि झोपायचे, या दोन गोष्टी इमानाने करायचे. पाकिटातलं लायब्ररी कार्ड अजून पुढेच आहे.

विमान गेलं. क्वीन्सचं मैदान पुन्हा बोलायला लागलं. मावशी अजून कठड्याला टेकून उभी. मागून ऊन, कानशिलावरचे केस पांढरे झालेत. माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत, इतक्या मैदानांत, तिचा एकही फोटो नाही. मी माझा छोटा डिजिटल कॅमेरा काढला.

“मावशी!”

ती वळली. मी काढला. ती वर चढून आली, पडद्यावर स्वतःला पाहिलं, नाक मुरडलं, मग कॅमेरा हातात घेऊन उलटा करून पाहिला.

“याच्या मागं कुठं लिहायचं?”

टोपीखालून काका म्हणाले, “सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे.”

खाली कोणीतरी चेंडू लांब मारला. लाल सफरचंद वर आलं, मजला हलला, आणि मावशी पन्नास हजार माणसांसोबत ओरडली, नियम न कळता, पूर्ण आवाजात.

सोमवारी मी तो फोटो कागदावर छापून घेणार आहे, मऊ पेन्सिलने लिहायला.

आता मागणी. तुमच्या घरात भिंतीवर एक फोटो आहे. सगळे दाटीने उभे आहेत, हसतायत, आणि घरातलं एक माणूस त्यात नाही, कारण ते कॅमेऱ्याच्या अलीकडे होतं. उठा. फ्रेम खाली काढा. फोटो उलटा करा. त्यात जे कडेला उभे आहेत, ज्यांना तुम्ही ‘ते कोणीतरी’ म्हणता, त्यांची नावं लिहा. मग ज्याने फोटो काढला त्याचं लिहा. आठवत नसेल तर फोन लावा आणि विचारा. पेन्सिलने लिहा. उद्या नाही, आत्ता.